भाडे स्वस्त, पण स्टेशन किती लांब?

मुंबईत विरार-बदलापूरकडचे घर परवडते, कारण लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. म्हणून चर्चगेटपासून ६० किलोमीटरवरचे विरारही खिशाला जवळचे वाटते. खरी गळती स्टेशनबाहेर होते: शेअर रिक्षाला जाताना २० आणि येताना २० रुपये धरले, तरी २५ दिवसांचे १००० होतात, आणि दोघे कमावते असतील तर दुप्पट. त्यामुळे स्टेशनपासून चालत जाता येईल असे घर हजारभर महाग असले तरी बहुधा तेच घ्यावे. डिपॉझिट मात्र वेगळे तपासा. प्रवासातल्या तासांचे काय, हा आक्षेप रास्तच. पण ते तास वाचवायला दादरचे भाडे किती जणांना झेपते?