आवाज निम्मा करायचा, तर शक्ती किती?

१०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती ५० वॅट केली, तर आवाज निम्मा होईल का? पुष्कळजण ‘हो’ म्हणतील. पण आपल्या कानाचे गणित निराळे आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना ते चांगलेच ठाऊक असते.

या गिटारसाठी आजही व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर वापरतात. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडे धावतात. मधल्या जाळीवर गिटारचा क्षीण संदेश दिला, की हा प्रवाह त्याप्रमाणे कमीजास्त होतो आणि संदेशाची मोठी प्रतिकृती मिळते. संदेश फारच मोठा झाला, तर मात्र प्रवाह आणखी वाढू शकत नाही. लहरींचे माथे सपाट होतात आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे नवे सूर त्यात मिसळतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. पण रॉक संगीताच्या वादकांना हाच भरदार, खरखरीत स्वर हवा असतो. अडचण अशी, की तो अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीने चालवल्यावरच निघतो.

१९६५च्या सुमारास ‘द हू’ या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून लंडनच्या जिम मार्शल यांनी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. मोठ्या रंगमंचावर तो ठीक. लहान खोलीत मात्र कानांना धोका! अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेल आवाज दिवसाला ८ तास चालेल, पण १०० डेसिबेल फक्त १५ मिनिटे.

मग शक्ती कमी कशी करावी? चार व्हॉल्व्हपैकी ठरावीक दोन काढले, तर ती निम्मी होते. अमेरिकेचे एडी व्हॅन हेलन यांनी १९७०च्या दशकात दुसरी युक्ती केली. व्हेरिअ‍ॅक नावाच्या ट्रान्सफॉर्मरने त्यांनी घरगुती १२० व्होल्टचा दाब सुमारे ९० व्होल्टवर आणला. शक्ती ढोबळमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे धरू. पाऊण पट दाबाचा वर्ग ९/१६, म्हणजे शक्ती निम्म्याहून थोडी जास्तच उरली.

आता कानाचे गणित पाहू. शक्ती निम्मी झाली, की पातळी फक्त ३ डेसिबेल उतरते. फरक कळतो, एवढेच. आवाज निम्मा वाटण्यासाठी ती साधारण १० डेसिबेल उतरावी लागते, म्हणजे शक्ती दहावा हिस्सा करावी लागते. १०० वॅटचे १० वॅट केले, तर आवाज निम्मा. १ वॅट केला, तर पाव!

एवढी घट हवी असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांच्यामध्ये खास बनवलेला रोधकांचा संच जोडतात. अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅटच देतो. पण ९९ वॅटची उष्णता होते आणि लाउडस्पीकरला १ वॅट मिळतो. स्वर बराचसा तोच राहतो आणि कान वाचतात.

एक सूचना: असा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः उघडू नका. आत ४०० ते ५०० व्होल्ट दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा विद्युत्भार शिल्लक राहू शकतो. प्रयोग वहीतच करा: १०० वॅट सहा वेळा निम्मे केले, तर किती वॅट उरतील आणि पातळी किती डेसिबेल उतरेल?