दप्तरसुधारणेची चार दशके

कामातील अपव्यय हेरून तो मुळापासून काढावा, हा विचार जपानातील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी मोटारींच्या उत्पादनात सिद्ध करून दाखविला. आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी तशाच दृष्टीने कचेरीतील कागदांची व्यवस्था लावली, तेव्हा तो प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ या नावाने सर्वतोमुखी झाला.

त्याच धर्तीची सहा गठ्ठ्यांची पद्धत पुढे सरकारी कचेऱ्यांत रुळली. प्रलंबित प्रकरणे, अन्य कार्यालयाच्या उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखागारात धाडावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गातील कागद, अशी मेजावरील कागदांची विभागणी झाली की, कारकून रजेवर असला तरी त्याच्या दप्तरात काय तुंबले आहे, हे साहेबांना कोणासही न पुसता कळू लागते.

त्यानंतर सरकारी कामातील विलंब रोखण्यासाठीच्या 2005 च्या कायद्याने, जो 1 जुलै 2006 पासून अमलात आला, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक राहू नये, असा दंडक घातला. आणि पुढील दशकात पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या ‘झिरो पेंडन्सी’ मोहिमेने साचलेल्या दप्तराच्या निर्गतीस नवा जोर दिला.

तथापि या साऱ्या उद्योगात गठ्ठ्यांकडे जितके लक्ष गेले, तितके फाइलीच्या वाटेकडे गेले नाही. बारनिशीत नोंदलेला अर्ज कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार व तहसीलदार यांच्या हातून प्रांतापुढे जावयाचा असेल, तर प्रत्येकाने आपली मुदत इमानाने पाळूनही 35 कामाचे दिवस लोटू शकतात, आणि त्यात कसूर कोणाचीच ठरत नाही. शिवाय प्रत्येक टेबलावर तोच मजकूर टिप्पणीत नव्याने उतरतो, व राहिलेला दाखला शेवटच्या टेबलावर ध्यानी आला की अर्ज पुन्हा मूळपदावर येतो. निर्णयासाठी फाइलीने तीनांहून अधिक पायऱ्या चढू नयेत, हे त्याच कायद्यातील कलम सात दिवसांच्या दंडकाहून अधिक मोलाचे होते, असे आता मागे वळून पाहता वाटते. म्हणून पुढील मोहिमेचा फलक लावण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांनी एकच अर्ज हाती घेऊन त्यावरील सह्या मोजाव्यात, आणि ज्या सहीने निर्णयात काहीच भर पडत नाही ती बंद करावी.