गंज टिकवतो, गंज फोडतो

मध्य प्रदेशातल्या धारच्या लाट मशिदीच्या आवारात एका लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत. धार-देवासच्या पवारांमुळे हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. तरीही मांडूला जाणारी आपली मंडळी हा स्तंभ न पाहताच पुढे जातात, याचं वाईट वाटतं. तिन्ही तुकड्यांची लांबी मिळून सुमारे १३ मीटर भरते. दिल्लीचा लोहस्तंभ त्याच्या निम्म्याहून थोडाच मोठा. बाजूंना बोट जाईल अशी भोकं दिसतात. तापलेलं धूड घडवताना ते पेलायला त्यांत पहारी घालत असावेत.

मशीद १४०५ सालची आणि स्तंभ तिच्याही आधीचा. इतके पावसाळे झेलून लोखंड शाबूत कसं? गंज त्यालाही चढला आहे, पण तो अंगाला घट्ट धरून बसला आहे. साध्या लोखंडावरचा गंज सच्छिद्र असतो. त्यातून पाणी आत मुरतं, खालचं लोखंड पुन्हा गंजतं आणि पापुद्रे सुटतात. धारच्या लोखंडात मात्र सुमारे ०.२८ टक्के फॉस्फरस आहे. जुन्या भट्टीत चुनखडी घालत नसत, म्हणून तो मळीबरोबर निघून गेला नाही. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी या लोखंडाचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार, लोखंड गंजत जातं तसा फॉस्फरस धातू आणि गंज यांच्या सीमेवर साठतो आणि तिथे दाट थर धरतो. पुढे वर्षानुवर्षं ओलं होत, सुकत त्यात लोहाच्या फॉस्फेटचे स्फटिक तयार होतात आणि बारीक छिद्रं बुजतात.

धारला गंजानं लोखंड टिकवलं, पण काही पदार्थांत ऑक्सिजनच वस्तू फोडतो; तो शिरल्यावर अणूंची मांडणी कशी बदलते, यावर तिथे सगळं ठरतं. उदाहरणार्थ, तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधन असतं युरेनियम डायऑक्साइडच्या वड्यांचं. त्याच्या अणूंच्या घनाकृती जाळीत रिकाम्या जागा असतात. गरम हवेत जादा ऑक्सिजन आधी तिथे सामावतो. जाळी मोडत नाही, उलट किंचित आकसते. दर चार युरेनियम अणूंमागे नऊ ऑक्सिजन अणू होईपर्यंत हे निभतं. त्यापुढे, तीनास आठ या प्रमाणाकडे जाताना, घनाची घडी मोडून थरांची सैल रचना येते. आकारमान सुमारे ३६ टक्क्यांनी फुगतं आणि कठीण वडीची पूड होते. म्हणूनच वापरलेल्या इंधनाच्या वड्या असलेल्या नळीला चीर गेली असेल, तर ते इंधन गरम असताना हवेत उघडं ठेवत नाहीत.