अरुंद गल्लीचा दोष किती?

राजपुऱ्यासारख्या जुन्या मोहल्ल्यात माणसे आजारी का पडतात, असे बुऱ्हाणपुरात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते. गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले, माणसांची दाटी. रुंद रस्त्याच्या नव्या कॉलनीत राहायला गेले की तब्येत सुधारेल, हेही लगेच जोडले जाते. पण तब्येतीचा हिशेब गल्लीच्या रुंदीवर फारसा ठरत नाही. एका खोलीत किती माणसे झोपतात, त्या खोलीतली हवा बदलते का आणि तिथे ऊन पोचते का, यावर तो ठरतो. मुंबईने हा धडा दोनदा घेतला आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतली घरे पाडली गेली. त्या मानाने नवी घरे पुरेशी बांधली गेली नाहीत, आणि उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. शंभर वर्षांनी गोवंडी-मानखुर्दला पुनर्वसनाच्या पक्क्या, बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. नटवर पारेख कंपाउंडसारख्या ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर सोडले गेले, आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध याच कोंदट रचनेशी असल्याचे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या पाहणीत आढळले. क्षयाचे जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगतात. इमारत नवी की जुनी, याने त्यांना काही फरक पडत नाही. चौक उघडा असलेले जुने घर अशा नव्या फ्लॅटपेक्षा निरोगी असू शकते. बुऱ्हाणपूरकडच्या, निमाडच्या उन्हाळ्यात तर अरुंद गल्लीची सावली हा आधारच असतो. घर बिघडते ते त्या चौकावर पत्रा टाकून आणखी एक खोली काढली की.

त्या वाढीव खोलीत पुष्कळदा यंत्रमाग येतो. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या सगळ्या गावांत एक वाक्य सारखेच ऐकू येते: आवाजाची सवय होते. सवय मनाची होते, शरीराची होत नाही. धोटा मारणाऱ्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर असतो, आणि रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिले तरी कानाच्या आतल्या पेशी हळूहळू मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात, आणि घरचे म्हणतात की याचे लक्ष नसते. भिंतीपलीकडे झोपलेल्या मुलाला जाग येत नसली तरी आवाजासरशी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि झोप उथळ होते. मोठ्या माणसांत अशी वर्षे साठत गेली की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या केंद्रीय नियमांनी घातली, ती उगाच नव्हे. सुताच्या धुळीचेही तसेच आहे. सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळून येणे ही पिंजण आणि कताईच्या कामगारांच्या आजाराची जुनी ओळख आहे. विणकामात त्या आजाराचे प्रमाण कमी असले, तरी घरातल्या मागाची धूळ लहान मुलेसुद्धा चोवीस तास घेतात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मनापासून ऐकायला हवेत. पहिला असा की याच घरांत माणसे ऐंशी वर्षे जगली आहेत. ती जगली हे खरेच, पण आपण मोजतो ते उरलेल्यांना. जे पन्नाशीत गेले ते साक्ष द्यायला येत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: माग हलवला तर पोट कसे भरणार? माग हलवा, हा हुकूम गरिबाला देणे मला अन्यायाचे वाटते. पण मागाखाली रबरी पट्टी, मागाच्या आणि झोपण्याच्या खोलीमध्ये पक्की भिंत, धूळ बाहेर ओढणारा पंखा आणि रात्री ठरावीक तास माग बंद, एवढे धंदा न मोडता होऊ शकते. त्याचा खर्च एकट्या विणकरावर टाकू नये.

तिसरा गैरसमज पाण्याबाबतचा, आणि तो अभिमानातून आला आहे. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी कुंड्या आणि भुयारे खोदून उतारानेच शहरात आणले गेले. ती रचना म्हणजे कुंडी भंडारा; तो आजही वाहतो, आणि त्याचे पाणी आरशासारखे म्हणून शुद्धच, असे मानले जाते. नितळपणाने जंतूही कळत नाहीत, नायट्रेटही कळत नाही. वरच्या जमिनीवर शौचाचे खड्डे, कचरा आणि खते वाढली की तेच खाली झिरपते, मग बांधणी कितीही थोर असो. दुसरा अभिमान ताजा आहे. २०२२च्या जुलैमध्ये बुऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा ठरला, तेव्हा पाण्याचा प्रश्न मिटला असे शहरातही अनेकांना वाटते. पण हे प्रमाणपत्र जल जीवन मिशनचे, आणि ती ग्रामीण योजना आहे. ते प्रमाणपत्र जिल्ह्यातल्या गावांचे आहे, राजपुऱ्यातल्या नळाचे नाही. शिवाय नळ असणे वेगळे आणि त्यातून येणारे पाणी पिण्याजोगे असणे वेगळे. पाणी ठरावीक वेळच येत असेल तर उरलेल्या वेळी पाइपातला दाब शून्यावर येतो, आणि पाइप गटाराजवळून गेला असेल तर बारीक भेगेतून घाण आत ओढली जाते. टाकीवर तपासलेले पाणी म्हणूनच घरापर्यंत तसेच पोचेल असे नाही. भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो, आणि ही तपासणी गल्लीच्या टोकाच्या शेवटच्या नळावर, पाणी सुटल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत करायला हवी. नगर निगमाकडे रहिवाशांनी मागायचा आकडा तो आहे.