आपली चूक ओळखावी कशी?

चोपड्याच्या दक्षिणेस तापी वाहते. समजा, तेथेंच एकानें ठासून सांगितलें कीं, सह्याद्रीच्या पूर्वेकडील सर्व नद्या बंगालच्या उपसागराकडे जातात. दुसरा म्हणाला, "मग ही तापी? ती तर सुरतेकडे जाते!" पहिल्याचें उत्तर तयार: "मी सह्याद्रींत उगम पावणाऱ्या नद्यांविषयीं बोलत होतों." तापी मुलताईची, हें खरें, पण गिरणा सह्याद्रींतच उगम पावून तापीस मिळते. आतां एकच वाट उरली: "मी तसें म्हणालोंच नाहीं!"

गौतमाच्या न्यायसूत्रांत पराभवाचीं २२ निग्रहस्थानें सांगितलीं आहेत. अडचणींत सांपडल्यावर मूळ विधानास विशेषण जोडणें हें प्रतिज्ञांतर. विधानच नाकारणें हा प्रतिज्ञासंन्यास. ह्या खुणा प्रतिपक्ष्यापेक्षां स्वतःवर लावून पाहाव्या. नवें विशेषण जिभेवर आलें, म्हणजे आपली चूक आपल्याला बहुधा कळून चुकलेली असते. त्याच क्षणीं "माझें विधान चुकलें" म्हटल्यास बोलणें पुन्हां गिरणेच्या पाण्याकडे वळूं शकतें.