पिस्तुलाची निगा : वंगण आणि राखण

मराठीत 'तेल देणे' या एकाच शब्दप्रयोगाने दोन भिन्न कामांचा बोध होतो. लाकडी चाकांच्या बंडीच्या आसाला तेल देतात, ते चाक सुलभ फिरावे म्हणून. हंगाम संपल्यावर विळ्याला वा नांगराच्या फाळाला तेलाचा हात फिरवितात, तो लोखंड गंजू नये म्हणून. पहिल्या कामाला 'वंगण' हा नेमका शब्द आहे. हिंदीत गाडीच्या आसाला तेल देण्याच्या क्रियेस 'औंगना' म्हणतात. तो शब्द आणि आपला 'वंगण' एकाच कुळातील दिसतात. ही कल्पना फार जुनी आहे. चरकसंहितेत तैलाभ्यंगाचे गुण सांगताना घडा व चामडे यांच्याबरोबर तेल दिलेल्या आसाचाही दृष्टान्त दिला आहे. दुसऱ्या कामाला असा रूढ स्वतंत्र शब्द नाही. शेताची राखण करतात त्या अर्थाने त्याला येथे 'राखण' म्हणू. पिस्तुलाच्या बाबतीत वंगण आणि राखण यांतील भेद ध्यानात न घेतल्यास शस्त्र ऐन वेळी दगा देते.

या विषयाचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात विशेष उद्‌बोधक ठरतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा व जंगलांचा आहे. येथे वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तर हिवाळ्यातील काही रात्री ते १० अंशांखाली उतरते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या वनप्रदेशाने माओवादी हिंसेचा दीर्घ काळ अनुभवला. तेथे पोलिसाच्या कमरेचे शस्त्र ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. असे शस्त्र दिवसचे दिवस दमट हवेत व घामाच्या सान्निध्यात राहते, पण झाडले मात्र क्वचितच जाते. म्हणजे त्याचे भाग घर्षणाने झिजण्यापेक्षा गंजाने खराब होण्याचा संभव अधिक. येथे वंगणापेक्षा राखणीचे महत्त्व जास्त असते ते यामुळेच.

लहान हातशस्त्रांचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिला रिव्हॉल्व्हरचा. कानपूरच्या आयुध निर्माणीत तयार झालेले .३२ चे रिव्हॉल्व्हर भारतातील परवानाधारकांच्या परिचयाचे आहे. ते इंग्लंडच्या वेब्ले धर्तीचे असून त्याच्या फिरत्या नळकांड्यात सहा काडतुसे बसतात. दुसरा प्रकार स्वयंभरण पिस्तुलाचा. इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल या प्रकारातले. ते १९३५ च्या ब्राउनिंग रचनेवर आधारलेले असून त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात. 'पिस्तूल' व 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, 'बंदूक' अरबी-फारसीतून आला. पण 'घोडा', 'चाप', 'नळी', 'माशी' या अवयववाचक शब्दांना मराठीत घरचेच रूप आहे.

निगा राखण्याची पहिली पायरी तेलाची नव्हे, शस्त्र रिकामे करण्याची आहे. येथे क्रमाला प्राणाचे मोल आहे. पिस्तुलाचे मॅगझिन प्रथम काढावे आणि मगच स्लाइड मागे ओढावी. हा क्रम उलटा केल्यास नळीतील काडतूस बाहेर पडते खरे, परंतु स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधील दुसरे काडतूस आत घेऊन जाते आणि रिकामे समजलेले शस्त्र भरलेलेच राहते. त्यानंतर नळीचे काडतूसघर डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे, आणि काडतुसे त्या खोलीतूनच दूर ठेवावीत. या सर्व काळात नळीचे तोंड कोणत्याही माणसाकडे असू नये.

दुसरी पायरी साफसफाईची. गोळी झाडल्यावर नळीत काजळी व गोळीच्या धातूचा अंश उरतो. जुन्या धर्तीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे; ते जळून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार राहतो. मिठासारखाच हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो व पोलादाला गंज चढवितो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्या काळी सैनिक नळीतून उकळते पाणी ओतत, ती कोरडी करीत आणि मग तेलाचा हात देत. पूर्व विदर्भाच्या जंगलात 'भरमार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीलाही हेच तत्त्व लागू पडते, कारण काळ्या दारूची राखही पाणी शोषणारी असते. आधुनिक काडतुसांत हा क्षार सहसा नसतो. त्यांच्यासाठी द्रावक, ब्रश आणि कापडाची चिंदी पुरेशी होते. नळीच्या तोंडाची कड गजाने घासली जाणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण ती कड बिघडली तर नेम बिघडतो.

यानंतर वंगणाचा प्रश्न येतो. जेथे धातू धातूवर सरकतो तेवढ्याच जागा वंगणाच्या. पिस्तुलात स्लाइडच्या खोबणी, नळीचा बाहेरून घासणारा भाग व घोड्याचा सांधा; रिव्हॉल्व्हरमध्ये नळकांड्याचा आस व उघडमीट होणारी बिजागरी. प्रत्येक ठिकाणी एक थेंब पुरतो. दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा राहणे एवढेच वंगणाचे कार्य आहे. अधिक तेलाने घर्षण आणखी कमी होत नाही. उलट ते धूळ धरते, धुळीचा व काजळीचा लगदा होतो आणि ज्या सांध्यासाठी तेल घातले तोच अडतो.

राखणीच्या जागा याहून वेगळ्या. नळीचा अंतर्भाग, बाह्य पृष्ठभाग व हाताचा घाम लागणारे सर्व भाग यांवर तेलाने किंचित ओलसर केलेली चिंदी फिरवावी. तेल वाहता कामा नये. झाडण्यापूर्वी नळी कोरड्या चिंदीने पुसून घ्यावी.

तिसऱ्या प्रकारच्या जागा कोरड्याच राहिल्या पाहिजेत. काडतुसांना तेल लागल्यास ते टोपीच्या फटीतून आत झिरपते व काडतूस निकामी होऊ शकते. काडतूसघर, मॅगझिनचा अंतर्भाग आणि टोपीवर आघात करणाऱ्या सुईचा मार्ग यांनाही तेल सोसत नाही. सुईच्या मार्गात घट्ट झालेले तेल आघाताचा जोर कमी करते, आणि चाप ओढूनही बार होत नाही.

तेल कोणते वापरावे, याचे उत्तर घरातील बाटलीत शोधू नये. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल हवेत वाळून कठीण पापुद्रा धरते. लाकडी दस्त्याला ते हितकर, पण यंत्राच्या सांध्याला घातक. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. गोंदियाच्या हिवाळी रात्री ते वंगण न राहता मेण होते. शस्त्रासाठी तयार केलेले खनिज तेलच योग्य होय.

साठवणीतही हाच विवेक हवा. चामड्याच्या म्यानात ओलावा टिकतो; म्हणून शस्त्र त्यात दीर्घ काळ ठेवू नये. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे जमा करावी लागतात व ती कित्येक आठवडे परक्या कपाटात पडून राहतात. जमा करण्यापूर्वी साफसफाई व राखण, आणि परत मिळाल्यावर पुन्हा तपासणी, हा नियम पाळणे इष्ट. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची बाजू बांधून दिली आहे. शस्त्र सुस्थितीत ठेवण्याचा भार मात्र धारण करणाराच वाहतो.

सारांश, तेलाच्या एकाच कुपीतून तीन निर्णय निघतात : येथे वंगण, येथे राखण, आणि येथे काहीच नाही. भाषेने दोन कामांना एकच नाव दिले म्हणून हाताने ती एकच मानू नयेत. आसाला तेल देणारा शेतकरी आणि विळा पुसून आढ्याला खोवणारा शेतकरी एकच असतो. पण त्या दोन वेळी तो तेल सारख्या मापाने घेत नाही. शस्त्र बाळगणाऱ्यानेही तेवढाच विवेक ठेवावा, कारण येथे मापाची चूक चाकाच्या कुरकुरीवर भागत नाही.