बुडालेला रोज

“तात्या, कॉलेज सोडू का?”

भवानीनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा नुकताच झाला होता. सणसरच्या आमच्या ओट्यावर बसून पुतण्यानं हे विचारलं. पोरगं कबड्डी झकास खेळतं. पण सकाळी कॉलेज, संध्याकाळी सराव आणि शनिवार-रविवार दुसऱ्याच्या उसात मजुरी. तिन्ही कसं जमणार? मी लगेच उत्तर दिलं नाही. हात आपोआप डाव्या गुडघ्यावर गेला.

मीही चढाया करायचो. जत्रेतल्या एका सामन्यात पकड झाली, गुडघा फिरला आणि माझा खेळ त्या संध्याकाळी संपला. संघाला ढाल मिळाली. मी मात्र दोन महिने घरी बसलो आणि तेवढे रोज बुडाले.

हा बुडालेल्या रोजाचा प्रश्न फार जुना आहे. उत्तर इंग्लंडातले गिरणी आणि खाणकामगार शनिवारी रग्बी खेळत. खेळापायी बुडालेली मजुरी भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं मागणं होतं. ते नाकारलं गेलं, तेव्हा 1895 साली हे क्लब हडर्सफील्डला वेगळे झाले. पुढं ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला गेलेला खेळ त्यातूनच उभा राहिला. त्यातला हाफबॅक म्हणजे संघाचा सुकाणूच! ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू जॉन्सनं याच जागेवर खेळून न्यूकॅसलला 1997 आणि 2001 अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली. पैसा, कीर्ती, सगळं मिळालं. पण 2007 मध्ये मानेच्या दुखण्यानं त्याला थांबवलं.

आपल्याकडे कबड्डीपटूला खेळाचं मोल नोकरीच्या रूपानं मिळायचं. पोलिसात, रेल्वेत, बँकेत. 2014 साली प्रो कबड्डी आली आणि खेळाडूंवर बोली लागू लागली. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून चमकला, तर दुसऱ्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. गावोगावच्या पोरांच्या डोळ्यांत तो आकडा भरला. नंतर त्याचा खांदा दुखावला आणि भावही उतरला. गडी जिद्दीचा, म्हणून 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सनं त्याच्यावर पुन्हा कोटीची बोली लावली. पण प्रत्येकाचा खांदा असा साथ देतोच असं नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, “तात्या, तुमच्या वेळी लीग असती, तर तुम्ही काय केलं असतं?”

खोटं कशाला बोलू? मी कॉलेज सोडलं असतं.

“कॉलेज सोडायचं नाही,” मी म्हटलं, “आणि खेळही सोडायचा नाही. सोडायचीच तर उसातली मजुरी सोड. शनिवार-रविवारचा तुझा रोज मी देईन.”

तो उठला आणि चप्पल हातात घेऊन मैदानाकडं पळत सुटला.